सायरनच्या चार ओळी

मारुती मंदिराच्या सर्कलला आल्यावर संदेश शिवलकरने स्कूटर पुन्हा खाली वळवली. गॅस बंद केला की नाही, आठवेना.

तसं आठवत होतं. हात बटणावर गेलेला आठवत होता, बटण फिरल्याचा आवाजही आठवत होता. पण तो आजचा की कालचा, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने त्याला वळताना पाहिलं आणि ओरडून विचारलं, "काय ओ शिवलकर, आज गॅस की पाण्याची मोटार?"

"गॅस," संदेश म्हणाला आणि उताराला लागला.

घर खाली घुडेवठारात. कुलूप काढून तो चपलांसकट स्वयंपाकघरात गेला. गॅस बंद होता. सिलिंडरचा रेग्युलेटरसुद्धा बंद होता. त्याने दोन्ही बटणं हाताने चाचपून पाहिली, बाहेर येऊन कुलूप लावलं, ते ओढून पाहिलं आणि पुन्हा चढ चढायला लागला.

त्याची बायको दर्शना होती तेव्हा ही पाळी येत नव्हती. ती जाकादेवीकडच्या एका शाळेवर शिक्षिका होती. हजेरी घेऊन घेऊन तिला ती सवयच जडलेली. सकाळी दोघं निघाली की ती आधी बाहेर जाऊन पायरीवर उभी राहायची आणि घराची हजेरी घ्यायची.

"गॅस?"

आतून संदेशने ओरडायचं, "बंद."

"मोटार?"

"बंद."

"मागचं दार?"

"लावलं."

कधी कंटाळून तो गप्प राहिला तर ती जागची हलायची नाही. "बोला ना."

"अगो, बंदच असणार."

"असणार म्हणजे काय? पोरगं स्वतः हजर म्हणाल्याशिवाय मी हजेरी मांडत नाही. शेजारचा सांगतो, असेल बाई, मुतायला गेलाय. आणि तो मेला गेलेला असतो आंबे पाडायला."

भाद्रपदात, गणपती नुकतेच पोचवले होते, तेव्हा तिला ताप आला. त्या तापातच ती गेली. त्यानंतर घराची हजेरी घेणारं कोणी उरलं नाही, आणि संदेशला घरातून धड बाहेर पडता येईना. बाहेर पडला की घर मागे लागायचं, घरी आला की घर खायला उठायचं.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत हर्षद सुर्वेची शेड होती, संदेश तिथे कामाला होता. तिथे बर्फाच्या कारखान्यांसाठी एक डबा तयार व्हायचा. बर्फ करायला अमोनिया लागतो. त्याचा पाइप कुठे गळला तर आतली माणसं गुदमरतात. डब्याने हवेतला अमोनिया मोजत राहायचं आणि प्रमाण वाढलं की सायरन वाजवायचा. मालकाला मोबाइलवर आकडे दिसावेत म्हणून डबा इंटरनेटला जोडलेला. त्यामुळे बाहेरचा कोणी आत घुसू नये, घुसलाच तर त्याच्या हाताला काही लागू नये, याचीही सोय करावी लागायची.

डब्याच्या पोटात छोटा कॉम्प्युटर होता आणि त्यात लिनक्स ही कार्यप्रणाली. त्यावर पहारा बसवलेला. पहाऱ्याचा नियम सरळ होता: जे लिहून दिलंय तेवढंच चालेल, बाकी सगळं बंद. कुठल्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा ते लिहून द्यायचं. अमोनिया मोजणाऱ्याचे नियम एका तुकड्यात, सायरनचे दुसऱ्यात, मोबाइलला आकडे धाडणाऱ्याचे तिसऱ्यात. या तुकड्यांना मोड्यूल म्हणतात. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम ते सगळे एकत्र जोडून त्यांचा एक पहारा तयार करतो. एका मोड्यूलमध्ये एखादं नाव वापरलं आणि ते दुसऱ्या कुठल्याच मोड्यूलमध्ये जाहीर केलेलं नसलं, की कंपायलर अडून बसतो.

गेला आठवडाभर तो तसाच अडून बसला होता. लिनक्सची नवी आवृत्ती घेतल्यापासून सायरनचं मोड्यूल जोडलंच जाईना. नाव सापडत नाही, ओळ ४१३, असं म्हणायचा आणि थांबायचा. सायरनची फाइल सगळी मिळून साठ ओळींची.

"चारशे तेरावी ओळ मी आणू कुठून?" वेदिका रोज एकदा तरी कपाळाला हात लावायची. वेदिका संगमेश्वरची. सव्वीस वर्षांची, हुशार, आणि बोलायला फटकळ. हे नियम लिहायचं काम खरं तर संदेशचं होतं. दर्शना गेल्यावर तो रजेवर होता तेव्हा ते तिच्याकडे गेलं आणि मग हर्षदने ते परत दिलं नाही. "तू जरा हलकं काम बघ दादा," एवढंच म्हणाला. संदेश आता डब्याच्या स्क्रीनवरची अक्षरं लहानमोठी करायचा.

आज तो शेडमध्ये शिरला तेव्हा हर्षद हसत होता आणि टेबलावर खाज्याचा पुडा फोडलेला होता.

"झालं कंपाइल!" हर्षद म्हणाला. "एक शब्द बोलला नाही कंपायलर. दुपारी डबा मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात बसवायचा. उशीर केलास तो? गॅस बंद होता ना?"

"होता."

"मग खाजा खा."

संदेशने खाजा घेतला आणि हातातच ठेवला. आठवडाभर कटकट करणारा कंपायलर एका रात्रीत गप्प झाला, हे त्याला कसंसंच वाटलं. तो वेदिकाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "काय केलंस गो?"

"सायरनच्या चार ओळी अडत होत्या. त्या ऑप्शनलमध्ये टाकल्या."

ऑप्शनल म्हणजे कंपायलरला दिलेली सवलत. आतल्या ओळींना लागणारी नावं सापडली तर त्या ओळी घे, नाही सापडली तर सोडून दे आणि पुढे जा.

"नाव सापडलं का मग?"

"सापडलंच असणार ना! रिले तर बोर्डावर बसलेला आहे, दिसतोय डोळ्यांनी." रिले म्हणजे सायरनला वीज सोडणारा खटका. "काल दुपारी चालवून बघितला. दिवा लागला, टक् झालं."

"पहारा सैल होता तेव्हा?"

"हो, मग? शेडमध्ये सैलच असतो."

हेही खरं होतं. शेडमध्ये काम करताना पहारा सैल ठेवायचा, म्हणजे तो नुसता बघत बसतो, कोणाला अडवत नाही. डबा गिऱ्हाइकाकडे निघाला की शेवटी कडक करायचा. पूर्वी कडक केल्यावर एकदा सायरन वाजवून बघत. पण बाजूला काजूचा कारखाना होता. सायरन वाजला की तिथल्या बायका काजू सोलायचं टाकून अंगणात पळत यायच्या, आणि एकदा त्यांच्यातल्या म्हातारीला भोवळ आली. तेव्हापासून हर्षदने ठरवलं, शेडमध्ये सायरन वाजवायचा नाही, गिऱ्हाइकाकडेच वाजवायचा.

"आज तिकडे वाजवणार ना?" संदेशने हर्षदला विचारलं.

"आज मालक नको म्हणतायत. मासेमारीच्या लाँचींना बर्फ द्यायचाय, गाड्या लागल्यात. अमोनियाचा वास सुटला तर माणसं पळतील. पुढच्या फेरीला बघू."

संदेश आपल्या जागेवर जाऊन बसला. अक्षरं लहान केली, मोठी केली. उठून पाणी प्यायला. पुन्हा बसला. डबा दाराजवळ टेबलावर होता, झाकण लावून, पहारा कडक करून. तो उठून डब्यापाशी गेला, झाकणावर हात ठेवला आणि परत आला.

"दादा, बस की जरा," वेदिका म्हणाली. "माझं डोकं फिरतंय तू फिरतोयस म्हणून."

"इथे वाजवून बघूया काय एकदा?"

हर्षदने फोनवरून मान वर केली. "काय झालं?"

"काही झालं नाही. बघूया म्हटलं."

"दिसलं काय काही चुकलेलं?"

"नाही."

"मग?"

संदेशने पुन्हा डब्याकडे पाहिलं. हर्षदने फोन खाली ठेवला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "दादा, गॅस बंद आहे."

वेदिका फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. शेडमध्ये हे वाक्य आता चालू झालं होतं. संदेशने कशाचीही दुसऱ्यांदा खात्री केली, खिडकीची कडी बघितली, मेल गेला का विचारलं, की कोणीतरी म्हणायचं, दादा, गॅस बंद आहे. तोही हसायचा. आज हसू आलं नाही.

तो बाहेर जाऊन दगडी गडग्यावर बसला. खाली चिऱ्याची धूळ तापलेली. त्याने स्वतःलाच विचारलं, तुला डब्याची काळजी आहे की घराची? आणि खरंच सांगता येईना. काळजी आतून सारखीच लागते. मारुती मंदिराच्या सर्कलला जी स्कूटर वळवायला लावते तीच ही काळजी, आणि तिथे तर तो रोज खोटा ठरत होता. रोज गॅस बंद असायचा. म्हणजे आजही डबा ठीकच असणार. नुसतं मन थाऱ्यावर नाही म्हणून दुसऱ्याचं काम अडवायचं? हर्षदने महिनोन्महिने त्याला सांभाळून घेतलं होतं. उशीर झाला तरी बोलला नव्हता. उद्या म्हणेल, दादा, तू घरीच बस काही दिवस. आणि घरी बसायचं म्हटलं की संदेशच्या अंगावर काटा यायचा.

असणार.

या शब्दावर तो अडला. आज सकाळपासून त्याने तो किती वेळा ऐकला होता. वेदिका म्हणाली, सापडलंच असणार. आत्ता तो स्वतः म्हणाला, ठीकच असणार. कंपायलर गप्प आहे, पण त्याने हजर म्हटलंय कुठे? गप्प बस म्हणून आपणच त्याला सांगितलंय.

तो उठला, मागच्या खोपीतून अमोनियाच्या पाण्याची बाटली आणि एक फडकं घेतलं आणि आत आला.

"हर्षद, मी वाजवतोय."

"दादा!"

"वाजला तर काजूवाल्यांची माफी मी जाऊन मागतो. आणि उद्यापासून मी काही विचारणार नाही. तू म्हणशील ते करेन. घरी बस म्हणालास तर बसेन."

हर्षद घड्याळाकडे बघून म्हणाला, "आटप लवकर."

वेदिकाने नाखुशीने सायरन जोडला आणि कानांवर हात ठेवायच्या तयारीत उभी राहिली. संदेशने फडक्यावर दोन थेंब टाकले आणि ते डब्याच्या नाकाशी धरलं. वास शेडभर झाला. डोळ्यांना पाणी आलं. स्क्रीनवरचा आकडा हलला, वाढला, पिवळा झाला, लाल झाला. खाली अक्षरं आली: अमोनिया, धोका.

सायरन वाजला नाही.

काजूच्या कारखान्यातली एक बाई कोणाला तरी शिव्या देत होती, त्या इथपर्यंत स्वच्छ ऐकू येत होत्या.

"वायर?" हर्षद म्हणाला. वेदिकाने वायर ओढून पाहिली. वायर घट्ट होती. तिने पहारा सैल केला, आणि सायरन असा काही भोकाडला की हर्षदच्या हातातला फोन पडला. तिने लगेच पुन्हा पहारा कडक केला. पुन्हा गप्प. तिने डब्याची नोंद उघडली. तिथे लिहिलेलं होतं: सायरनच्या प्रोग्रॅमने रिलेला हात लावायचा प्रयत्न केला, अडवलं.

वेदिका खाली बसली. "ओळी सोडून दिल्या त्याने," ती म्हणाली. "नाव सापडलंच नाही. चारही ओळी सोडल्या आणि पुढे गेला. मीच सांगितलं होतं ना, सोड म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "आत माणसं असतात दादा तिथे. तो मशीनवरचा बाळा चोवीस तास असतो."

"बसवलेला नाही अजून," संदेश म्हणाला. "ऊठ. ऑप्शनल काढ."

"काढलं की परत अडणार."

"अडू दे. अडला तर कळेल तरी कुठे अडलाय."

तिने ऑप्शनल काढलं. कंपायलर पुन्हा म्हणाला: नाव सापडत नाही, ओळ ४१३. संदेशला ते वाक्य वाचून बरं वाटलं. त्याने खुर्ची ओढली. "ही ओळ आपल्या फाइलची नाही. आपले सगळे तुकडे उलगडून तो मधे स्वतःची एक फाइल करतो, आणि काम संपलं की पुसतो. ती पुसू नको म्हणून सांग त्याला."

"हे तुला माहीत होतं?"

"तू विचारलं नाहीस. आणि मी पण अक्षरं मोठी करत बसलो."

मधली फाइल मिळाली. चारशे तेराव्या ओळीवर रिलेचंच नाव होतं. मग ते नाव जुन्या आवृत्तीत कुठे जाहीर झालंय ते शोधलं. जुन्या आवृत्तीत ते नियमांच्या मुख्य गठ्ठ्यात होतं. नव्या आवृत्तीत लिनक्सवाल्यांनी गठ्ठा सुटसुटीत करायचा म्हणून असली बारीकसारीक यंत्रं बाहेर काढून त्यांचं वेगळं मोड्यूल केलं होतं. रिले तिथे जाऊन बसला होता आणि हे मोड्यूल यांच्या डब्यात घातलेलंच नव्हतं.

"म्हणजे घर बदललंय फक्त," वेदिका म्हणाली.

"हो. आणि आपण जुन्या पत्त्यावर हाका मारतोय."

ते मोड्यूल जोडल्यावर कंपायलर दुसऱ्याच एका नावासाठी अडला. ते दिलं तर तिसऱ्यासाठी. हर्षद दोनदा येऊन घड्याळ बघून गेला. मिरकरवाड्याहून बाळाचा फोन आला. बाळा तिथल्या कारखान्यात मशीन चालवायचा. त्याचा आवाज मशीनच्या आवाजावरून येत होता. "ओ सुर्वे, येताय की नाही? मी भिंतीला भोकं पाडून बसलोय!"

"येतोय रे," हर्षद म्हणाला. मग डब्याकडे बघत म्हणाला, "आणि बाळा, मालकांना सांग, आल्यावर सायरन वाजवणार आहे. वास येईल थोडा. नाही म्हणाले तर डबा परत आणतो."

दुपार कलताना कंपायलर गप्प झाला. या वेळी त्याला कोणी गप्प बस म्हटलेलं नव्हतं. तरी संदेशने पहारा कडक करून फडकं डब्यासमोर धरलं. आकडा पिवळा झाला, लाल झाला आणि सायरन वाजला. हर्षदने आणि वेदिकाने कान दाबले. काजूच्या कारखान्यातल्या बायका चिकाने काळे झालेले हात घेऊन अंगणात आल्या. म्हातारी सगळ्यात पुढे होती.

"मेल्यांनो, परत चालू केलंत काय?"

संदेश माफी मागायला गेला. उरलेला खाज्याचा पुडा घेऊन गेला. म्हातारीने पुडा घेतला आणि शिव्या चालूच ठेवल्या.

डबा व्हॅनमध्ये ठेवला. वेदिका चालवायला बसली, संदेश डबा मांडीवर घेऊन शेजारी. साळवी स्टॉप मागे पडला. तेव्हा वेदिका म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"कळलं नाही. नुसतं राहवत नव्हतं." मग त्याने तिला दर्शनाच्या हजेरीचं सांगितलं. गॅस, मोटार, मागचं दार. आंबे पाडायला गेलेल्या पोराचंही सांगितलं. शेडमध्ये हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना वाटायचं, बायको गेल्यापासून दादाला विसरायला होतं. वेदिका ऐकत होती. मारुती मंदिराच्या सर्कलला टपरीवाल्याने व्हॅनमध्ये संदेशला पाहिलं आणि हात हलवला.

उतार लागल्यावर वेदिकाने विचारलं, "दादा, गॅस?"

संदेशने तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. समोर रस्त्याकडे बघत खरंच विचारत होती.

"सकाळी परत जाऊन बंद बघितला," तो म्हणाला. "पण घर वाटेवरच आहे."

तिने व्हॅन घुडेवठाराकडे घेतली आणि दारासमोर उभी केली. डबा तिच्याकडे देऊन संदेश कुलूप काढून आत गेला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने शेगडीला हात लावला आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "बंद!"

बाहेरून वेदिका ओरडली, "मोटार?"

"बंद!"

"मागचं दार?"

संदेश मागच्या पडवीत गेला. भाद्रपदापासून तो रोज गॅसपाशी येऊन परत फिरत होता, पण या दाराची कडी त्याने एकदाही बघितली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. कडी लोंबत होती. दुधाचं पातेलं आडवं झालेलं, आणि शेजारची मांजर चुलीजवळच्या पोत्यावर घरच्यासारखी झोपलेली होती.

त्याने मांजरीला बाहेर काढलं. तिने जायला पुष्कळ वेळ घेतला. बाहेर वेदिकाने हॉर्न वाजवला आणि पुन्हा ओरडली, "दादा, बोल ना! मागचं दार?"

संदेशने कडी वर सरकवली, ओढून पाहिली.

"लावलं," तो म्हणाला आणि मिरकरवाड्याला जायला बाहेर आला.